पुटकुळ्या दोन प्रकारच्या होत्या

जांघेत किंवा त्याहून आत काही उठले, तर ते कोणाला दाखवायचे, हेच आपल्याकडच्या बायकांना चटकन ठरवता येत नाही. घरच्या डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणजे बाळंतपण आणि पाळीच्या तक्रारी एवढेच मनात असते, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे मुरुमांसाठी, वांगांसाठी किंवा केस गळतात म्हणून जायचे, अशी बहुतेकींची समजूत असते. मी नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला राहते, एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करते, वय पस्तिशीच्या पुढे, संसार व्यवस्थित चाललेला. गेल्या पावसाळ्यात मला असा त्रास झाला आणि त्याचे नेमके निदान होण्याआधीच भूल देऊन सगळे जाळून टाकण्याची तारीख ठरण्यापर्यंत गोष्ट गेली होती. ती तारीख पुढे ढकलता आली आणि दुसऱ्या डॉक्टरांनी नीट पाहिले, म्हणून जे जाळायचे ठरले होते त्यातला बराचसा भाग मुळात आजारच नाही, हे कळले. हा सगळा प्रवास शक्य तितक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण मला त्या दिवसांत कोणीतरी असे लिहिलेले वाचायला हवे होते.

सुरुवात आंघोळीच्या वेळी झाली. ओटीपोटाखालच्या केसांच्या भागात आणि उजव्या जांघेच्या घडीशी साबण लावताना बोटाला काही बारीक, टणक लागले. दोन-तीन मिलिमीटरच्या पुटकुळ्या होत्या. दुखत नव्हत्या, खाज नव्हती, पू नव्हता. केसतोड असेल असे वाटून मी काही दिवस वाट पाहिली. केसतोड पिकते, ठणकते, फुटते आणि बसते. यातले काहीच घडले नाही, उलट हळूहळू संख्या वाढली आणि काही तर एका सरळ रेषेत ओळीने आलेल्या दिसल्या. शेवटी एका दुपारी घरात कोणी नसताना आरसा आणि मोबाइलचा दिवा घेऊन मी सगळा भाग नीट पाहिला. तेव्हा योनीमुखाजवळच्या आतल्या पातळ पाळ्यांवर, दोन्ही बाजूंना, अगदी बारीक मऊ टोके उभी असलेली दिसली. ती नवीन होती की आधीपासूनच होती, हे मला सांगता येईना, कारण तोवर मी तो भाग असा कधी पाहिलाच नव्हता. माझ्या दृष्टीने त्या क्षणी आतले आणि बाहेरचे एकच होते: काहीतरी पसरत चालले होते.

वहिनीला फक्त ‘पुळ्या आल्या आहेत’ एवढेच सांगितले, तर तिने कडुनिंबाच्या पाण्याने धुवायला आणि हळद लावायला सांगितले. औषधाच्या दुकानात ‘जांघेत पुटकुळ्या आहेत’ म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने पुढे काहीही न विचारता एक नळी समोर ठेवली. त्या नळीवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल हे नाव होते, सोबत बुरशीवरचे आणि जंतूंवरचे अशी आणखी औषधे होती, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचनाही होती. माझ्या नणंदेच्या मांडीवरचा नायटा अशाच एका नळीने आधी दबला आणि मग दुप्पट पसरला होता, तिथली कातडी कायमची पातळ होऊन पांढरट चरे पडले होते, ते मी पाहिले होते. मी नळी परत दिली. असल्या तीव्र स्टेरॉइडने लाली आणि खाज तात्पुरती जाते, पण तिथली प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशी असो वा विषाणू, त्याला मोकळे रान मिळते. जांघेसारख्या नाजूक, सतत घडीत राहणाऱ्या त्वचेवर तर ते औषध अधिक शोषले जाते.

मग मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांचे नाव किंवा रुग्णालय इथे सांगण्याचे कारण नाही. त्या अनुभवी आहेत आणि त्यांच्या दारात त्या दिवशीही पंचवटीपासून सिन्नरपर्यंतच्या बायका बसलेल्या होत्या. तपासणी चटकन झाली. त्यांनी कापसाचा बोळा पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे साध्या शब्दांत व्हिनेगरच्या द्रावात, बुडवून आतल्या पाळ्यांना लावला, थोडे थांबून दिव्याखाली पाहिले आणि ‘पांढरे पडते आहे’ असे नर्सला म्हणाल्या. टेबलावरून उतरून मी साडी सावरेपर्यंत त्यांनी कागदावर लिहायला घेतले होते. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येणारे गुप्तांगावरचे चामखीळ आहेत, संबंधातून येतात, नवऱ्यालाही घेऊन या, आणि छोटी भूल देऊन आतले-बाहेरचे सगळे एकदमच विजेच्या सुईने जाळून टाकू, असे त्यांनी सांगितले. बाहेरच्यांना हात लावून किंवा भिंगाखाली पाहिलेले मला आठवत नाही. मी विचारले, ‘मॅडम, आतले आणि बाहेरचे एकच आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘सगळे एकच आहे, काळजी करू नका.’ त्याच वेळी त्यांनी गर्भाशयमुखाची पॅप स्मिअर तपासणी केली, आणि ती त्यांनी केली हे योग्यच झाले. तिशीनंतर प्रत्येकीने ठरावीक काळाने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायला हवी आणि मी ती बरीच वर्षे केली नव्हती. पण त्या भेटीत मला समजावून सांगायला कोणाकडे वेळ नव्हता. काउंटरवर खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद हातात आला, वर ऑपरेशनच्या आधीच्या रक्त तपासण्यांची यादी होती, आणि ‘गुरुवार चालेल का?’ असे विचारले गेले.

घरी येताना माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या: एक कॅन्सर, दुसरी नवरा. एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांचा संबंध आता लसीच्या बातम्यांमुळे सर्वांनाच ठाऊक असतो. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते की या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, गुप्तांगावरचे चामखीळ बहुतांशी 6 आणि 11 या क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात, आणि कॅन्सरचा धोका प्रामुख्याने 16 व 18 यांसारख्या वेगळ्या प्रकारांशी जोडलेला आहे. म्हणजे चामखीळ खरोखर असते, तरी त्याचा अर्थ कॅन्सर असा झाला नसता. हे एक वाक्य त्या दवाखान्यात कोणी बोलले असते, तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

नवऱ्याशी बोलणे त्याहून कठीण होते. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘तुला माझ्यावर शंका आहे का?’ मी म्हटले, ‘मला आधी हे काय आहे ते कळू दे.’ हे उत्तर मी विचार करून दिले नव्हते, पण त्या रात्री तेच आम्हाला सांभाळून घेणारे ठरले. निदानच पक्के नसताना दोष कोणाचा हे ठरवायला बसलो असतो, तर पुढे कळलेल्या गोष्टीलाही त्या भांडणाची कड लागून राहिली असती.

गुरुवारची तारीख मी फोन करून पुढे ढकलली. कारण एवढेच होते की मी आरशात जे पाहिले होते, त्यात मला फरक दिसत होता. बाहेरच्या पुटकुळ्या वाढत होत्या, आतली टोके जशीच्या तशी होती. बाहेरच्या गोल आणि चमकदार होत्या, आतली टोके मऊ आणि आजूबाजूच्या त्वचेच्याच रंगाची होती. कार्यालयातल्या एका वरिष्ठ सहकारी बाईंनी, मी न सांगताच बरेच ओळखून, सांगितले की त्वचेच्या डॉक्टरांची पाटी एकदा नीट वाच. त्वचारोग, कुष्ठरोग आणि गुप्तरोग हे तिन्ही त्यांच्या एकाच पदव्युत्तर शिक्षणात येतात. मला हे खरोखर माहीत नव्हते. कॉलेज रोड, पंडित कॉलनी, शरणपूर रोड या पट्ट्यात अशा पाट्या कितीतरी आहेत आणि त्यांतल्या एका पाटीवरचे बाईंचे नाव पाहून मी वेळ घेतली.

या डॉक्टरांनी तपासण्याआधी बराच वेळ नुसते विचारले. किती दिवसांपासून आहे, एकदम आले की एकेक करून, रात्री खाज सुटते का, घरात आणखी कोणाला खाज आहे का, आधी तिथे बारीक फोड येऊन आग झाली होती का, कधी न दुखणारा व्रण झाला होता का, अंगावरून जाते का, ताप आला का, तळहात-तळपायांवर पुरळ उठले होते का, पाळी कधी आली, दिवस राहण्याचा विचार आहे का, तिथे काय लावले आहे, केस कशाने काढता. संबंधांविषयीचे प्रश्न विचारताना त्यांनी माझ्या नवऱ्याला बाहेर बसायला सांगितले, आणि ‘हे मी प्रत्येकीला विचारते’ असे आधी सांगून मगच विचारले. एकेक प्रश्न कशासाठी होता हे मला नंतर उमगले: घरातल्या इतरांनाही रात्री खाज सुटत असेल तर खरूज, गुच्छाने येऊन आग करणारे पाण्याचे फोड म्हणजे नागिणीच्या कुळातला हर्पिस, न दुखणारा व्रण आणि नंतर अंगभर पुरळ म्हणजे उपदंश. उपदंशात गुप्तांगावर चपटे, ओलसर उंचवटे येतात आणि ते चामखिळींसारखेच वाटू शकतात, म्हणून तो प्रश्न त्यांनी दोनदा विचारला.

तपासणीच्या वेळी त्यांच्या दवाखान्यातल्या मावशी शेजारी उभ्या होत्या. डॉक्टरांनी हातमोजे घातले, मोठा दिवा जवळ ओढला, आधी बाहेरची एक पुटकुळी दोन बोटांत ताणून पाहिली आणि मग डर्मोस्कोप नावाचे दिवा असलेले भिंग त्यावर टेकवले. त्या भिंगाला मोबाइल जोडलेला होता, आणि त्यांनी मला उठून बसवून पडद्यावर चित्र दाखवले. माझ्याच शरीरावरचे ते चित्र पाहताना मला पहिल्यांदा भीतीऐवजी कुतूहल वाटले. शिजलेल्या साबुदाण्यासारखा मोत्याच्या झाकेचा गोल उंचवटा, त्याच्या बरोबर मध्यभागी एक खळगी, आत पिवळट-पांढरे गोळे, आणि कडेने बारीक रक्तवाहिन्यांचे कडे. ‘ही मधली खळगी आहे ना, ती याची ओळख,’ त्या म्हणाल्या. सगळ्याच पुटकुळ्यांत ती साध्या डोळ्यांनी दिसत नव्हती; लहानग्या पुटकुळ्यांत तर ती भिंगाशिवाय दिसतच नाही.

त्या आजाराचे नाव मोलस्कम कॉन्टॅजिओझम. देवीचा विषाणू ज्या कुळातला, त्याच पॉक्स विषाणूंच्या कुळातला हा एक साधा सदस्य. तो त्वचेच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात किंवा आतल्या अवयवांत जात नाही आणि हर्पिससारखा मज्जातंतूंत दडून बसून पुन्हा पुन्हा डोके वर काढत नाही. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात आपोआप जातो, काहींना त्याहून जास्त काळ लागतो. मोठ्यांमध्ये गुप्तांगाच्या भागात तो आला, तर बहुधा शारीरिक संबंधात त्वचा त्वचेला लागल्याने आलेला असतो, पण टॉवेल, वस्तरा यांतूनही तो पसरू शकतो. ओळीने आलेल्या पुटकुळ्यांचे कारणही तिथेच कळले: वस्तऱ्याच्या पात्याने एका पुटकुळीतला विषाणू त्याच रेषेत पुढच्या त्वचेत पेरला जात होता.

मग त्यांनी आतल्या पाळ्या पाहिल्या. इथे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. बोटांनी हलकेच पसरून, भिंग टेकवून, एकेक टोक मुळापर्यंत पाहिले आणि मला पुन्हा पडद्यावर दाखवले. प्रत्येक टोक आपापल्या स्वतंत्र मुळाशी उभे होते, सगळी साधारण सारखी, मऊ, गुलाबी आणि दोन्ही बाजूंना समान रांगेत होती. चामखीळ असते तर एकाच बुंध्यावर अनेक टोके फुटलेली दिसली असती, स्पर्शाला खरखरीत लागली असती आणि एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी अशी कशीही वाढलेली असती. याला व्हेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस म्हणतात आणि ही अनेक बायकांत असणारी शरीराची नेहमीची ठेवण आहे. पुरुषांमध्येही शिश्नाच्या टोकाच्या कडेला असेच बारीक मोत्यांसारखे उंचवटे असतात आणि तेही रोग समजून घाबरणारे पुष्कळ येतात, असे त्यांनी सांगितले. माझ्या कागदावर त्यांनी ते लांबलचक नाव लिहिले, खाली रेघ ओढली आणि मराठीत लिहिले: ‘उपचाराची गरज नाही.’

मी व्हिनेगरच्या तपासणीचे विचारले. ॲसेटिक ॲसिड लावल्यावर त्वचा पांढरी पडणे हे एचपीव्हीचेच लक्षण असते असे नाही. सूज असेल, घासले गेले असेल, साधा बुरशीचा संसर्ग असेल किंवा अगदी निरोगी पाळ्या असतील, तरी पांढरेपणा येऊ शकतो, आणि म्हणून एवढ्यावरून चामखीळ ठरवत नाहीत, असे उत्तर मिळाले. गर्भाशयमुखाच्या तपासणीत हाच द्राव उपयोगी पडतो. सरकारी दवाखान्यांत तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची तपासणी त्यानेच करतात. पण ती जागा वेगळी, शोधायचे वेगळे. शंका उरली असती तर सुन्न करून त्वचेचा कणभर तुकडा बायोप्सीला पाठवला असता, पण इथे तशी शंका नाही, हेही त्यांनी सांगितले. आधीच्या डॉक्टरांविषयी त्या एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत.

त्या नाजूक जागी निरोगी त्वचा जाळली गेली असती, तर जखमा भरायला काही आठवडे गेले असते, व्रण राहून पुढे संबंधाच्या वेळी दुखत राहण्याची शक्यता होती, आणि बाहेरचा खरा आजार चामखिळीच्या नावाने नोंदला गेला असता. हे समजल्यावर मला राग आला, आणि तो राग मला आजही रास्त वाटतो. ज्या बाईला त्या टेबलावर झोपून आपले शरीर दिसत नाही, तिला तपासणाऱ्याने तरी दोनदा पाहायला हवे.

नवऱ्याला मग आत बोलावले. त्यांचीही तपासणी झाली आणि त्यांच्या ओटीपोटाखाली तशाच एक-दोन पुटकुळ्या सापडल्या, ज्यांच्याकडे त्यांचे लक्षही गेले नव्हते. त्यांनी थेट विचारले, ‘डॉक्टर, हे आधी कोणाला झाले?’ डॉक्टरांचे उत्तर मला जवळजवळ शब्दशः आठवते: ‘लागण झाल्यापासून पुटकुळी दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कितीही वेळ जातो. पुटकुळीकडे पाहून ती कोणाकडून आली हे मला सांगता येत नाही, आणि तुम्हालाही ठरवता येणार नाही. रक्त मात्र दोघांचेही तपासू.’ तपासण्या एचआयव्ही, उपदंशासाठी व्हीडीआरएल आणि हिपॅटायटिस बी यांच्या होत्या. संबंधातून पसरणारा एक आजार सापडला की बाकीचे आहेत का हे पाहायचेच, हा नियम. शिवाय प्रतिकारशक्ती कमी असेल तर मोलस्कम खूप वाढतो आणि मोठा होतो, हे दुसरे कारण.

एचआयव्हीची तपासणी आम्ही त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे लोक ज्याला आयसीटीसी म्हणतात तिथे, करून घेतली. खासगी प्रयोगशाळेतही होते, पण तिथे रक्त घेऊन अहवाल मोबाइलवर येतो एवढेच. मला कोणाशी तरी बोलायचे होते. तपासणी मोफत असते. समुपदेशक ताईंनी दार लावून घेतले, आम्हा दोघांशी आधी एकेकट्याने बोलल्या, तपासणी कशाची आहे आणि नकार देण्याचा आम्हाला हक्क आहे हे सांगितले आणि मगच संमतीवर सही घेतली. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही संमती आणि अहवालाची गोपनीयता बंधनकारक केली आहे. अहवालही त्यांनी प्रत्येकाला वेगळे बोलावून सांगितला. दोघांचेही निगेटिव्ह होते. लागण अगदी अलीकडची असेल तर रक्तात लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा या, हे त्यांनी कागदावर तारखेसह लिहून दिले. याच रुग्णालयात गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिकही चालते, ज्यांना खासगी डॉक्टरांची फी परवडत नाही त्यांनी तिथे जावे. आणि जायचे धाडस होत नसेल तर 1097 या मोफत क्रमांकावर आधी बोलता येते.

उपचाराचे पर्याय त्वचेच्या डॉक्टरांनी मांडले. वाट पाहणे हाही एक पर्याय होता, पण पसरत होते आणि घरात दुसऱ्यालाही होते, म्हणून त्यांनी काढून टाकण्याचा सल्ला दिला. उणे 196 अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनने गोठवता येते, पण आपल्या सावळ्या त्वचेवर त्याने पांढरे डाग राहू शकतात, म्हणून त्यांनी सुईने टोचून गाभा काढण्याची पद्धत निवडली. आम्हाला दुसरे मूल हवे आहे, हे मी सांगितले होते. दिवस राहिले तरी ही पद्धत चालते, पोडोफायलीनसारखी लावायची औषधे मात्र गरोदरपणात अजिबात चालत नाहीत, हे तेव्हा कळले.

काढण्याच्या दिवशी आधी सुन्न करणारे मलम जाडसर लावून वर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवला आणि साधारण तासभर बसवून ठेवले. मग एकेका पुटकुळीच्या माथ्याशी निर्जंतुक सुईचे टोक लावून बारीक छेद द्यायचा आणि दोन्ही बाजूंनी दाबायचे. पहिलीच्या वेळी मी डोळे घट्ट मिटले होते. डॉक्टर म्हणाल्या, ‘बघायचे आहे का?’ आणि गॉजच्या तुकड्यावर ठेवलेला पांढरा, घट्टसर, मेणचट कण त्यांनी माझ्यासमोर धरला. मोहरीहूनही लहान होता. विषाणूने भरलेला गाभा तो हाच. तो पूर्ण निघाला नाही तर पुटकुळी पुन्हा भरते, आणि तो दुसरीकडे लागला तर तिथे नवी उठते, म्हणून प्रत्येक कण लगेच वेगळ्या गॉजने टिपून घेत होत्या. थोडे रक्त आले, दाबून धरल्यावर थांबले, वर जंतुनाशक लावले. सुन्न केले असले तरी घडीजवळच्या पुटकुळ्यांना चांगलेच दुखले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते. नवऱ्याच्या पुटकुळ्या काढायला मोजकी मिनिटे पुरली.

घरी पाळायचे नियम साधे होते, पण नाशिकच्या पावसाळ्यात ते सोपे नव्हते. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा आणि तो रोज धुऊन पूर्ण वाळलेला हवा. आमच्या गॅलरीत श्रावणात काहीच वाळत नाही, म्हणून मी पंख्याखाली दोरी बांधली आणि आतल्या कपड्यांवर इस्त्री फिरवायला लागले. सगळे पूर्ण जाईपर्यंत वस्तरा, वॅक्सिंग बंद, लागलेच तर केस कात्रीने कापायचे. संबंध टाळायचे, निरोधाने पूर्ण संरक्षण मिळत नाही, कारण पुटकुळ्या त्याने न झाकलेल्या त्वचेवरही असतात. मुलाच्या अंगावर कुठे तशी पुटकुळी नाही ना, हे डॉक्टरांनी दंड, मान, पोट पाहून तपासले. लहान मुलांत हा आजार शाळेतून, पोहण्याच्या तलावावरून सर्रास येतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नसते. त्याला काही नव्हते.

पुढच्या भेटीत काही नव्या पुटकुळ्या सापडल्या. मी खचले, पण त्यांनी हे आधीच सांगून ठेवले होते: काढण्याच्या दिवशी ज्या त्वचेखाली होत्या पण वर आल्या नव्हत्या, त्या आता दिसू लागल्या. त्याही काढल्या. त्यानंतर एखाद-दुसरी आली आणि मग येणे थांबले. काढलेल्या जागी तपकिरी ठिपके राहिले, ते फिके व्हायला महिने लागतात, आणि त्यासाठी काहीही लावायचे नाही, अशी त्यांची स्पष्ट सूचना होती.

पॅप स्मिअरचा अहवाल घ्यायला मी त्याच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे परत गेले. अहवाल निर्दोष होता. दुसऱ्या डॉक्टरांचा कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, मला पुन्हा टेबलावर घेतले, या वेळी दिवा जवळ ओढून सावकाश पाहिले आणि म्हणाल्या, ‘आतल्याला काही करायला नको, बरोबर आहे त्यांचे.’ त्याहून अधिक त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. भाचीला एचपीव्हीची लस द्यावी का, हे मात्र विचारून घेतले. द्यावी, असे त्या म्हणाल्या; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस 2023 पासून मिळते, ती 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांवर आहे, आणि संबंध सुरू होण्याआधीच्या वयात दिल्यास तिचा सर्वाधिक उपयोग होतो. मोलस्कमवर तिचा काही परिणाम नाही, हा विषाणूच वेगळा.

तीन महिन्यांनी आम्ही दोघे पुन्हा आयसीटीसीत गेलो, त्याच ताई होत्या, अहवाल पुन्हा निगेटिव्ह आले. त्वचेच्या डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत दोघांनाही भिंगाने तपासले आणि पुढची तारीख दिली नाही. नवीन काही दिसले तरच यायचे, असे सांगितले. दोन्ही डॉक्टरांचे कागद, रक्ताचे अहवाल आणि पॅप स्मिअरचा अहवाल मी एकाच फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. पुढे बाळंतपणाच्या किंवा कुठल्याही तपासणीत कोणी आतल्या पाळ्यांकडे पाहून चामखीळ म्हटले, तर ‘उपचाराची गरज नाही’ लिहिलेला तो कागद आधी दाखवायचा, हे माझ्या नवऱ्यालाही सांगून ठेवले आहे.